मुलुंड ते पवई रोज आणि रविवारी लांब: पंचवीस हजारात एकच सायकल कशी निवडली

पार्श्वभूमी

संदीपदादा माझा मामेभाऊ. नाव बदललंय, बाकी गोष्ट जशी घडली तशीच लिहितेय. वय तेव्हा ४३, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८१ किलो. मुलुंड पूर्वेला जुन्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, ऑफिस पवईला. २०२३ च्या मार्चमधे त्याचा फोन आला, "अगं, एखादी चांगली सायकल सांग, पंचवीसच्या आत, ऑफिसला पण चालेल आणि रविवारी लांब पण जाता येईल अशी."

मी बरीच वर्षं सायकल चालवतेय, त्यामुळे घरात कोणालाही सायकल घ्यायची झाली की फोन मला येतो आणि आधी मी एखादं मॉडेल सांगून मोकळी व्हायचे. असं मॉडेल सांगून घेतलेल्या दोन सायकली आज नातेवाईकांच्या जिन्याखाली हवा गेलेल्या उभ्या आहेत, ते दर वेळी बघितलं की वाईट वाटतं. म्हणून या वेळी ठरवलं की मॉडेल शेवटी, आधी हा माणूस रोज काय करतो ते नीट बघायचं.

तर तो काय करायचा? मुलुंडला ट्रेन पकडायची, नाहूर, भांडुप, कांजूर, जेमतेम दहा मिनिटं. पण कांजूरला उतरून पवईला जायच्या बससाठी किंवा शेअर रिक्षासाठी जी लाइन लागते ती अर्धा तास खाते, आणि संध्याकाळी उलट दिशेने तेच. घरातून निघून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत सव्वा तास कुठेच जात नाही. हेच अंतर ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने खाली येऊन जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर वळलं तर साधारण दहा किलोमीटर पडतं. त्यात डॉक्टरने रोज घाम निघेल असं काहीतरी करा म्हणून सांगितलेलं.

अडचण नेमकी काय होती

एका सायकलकडून दोन कामं हवी होती आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. रोजच्या रस्त्याला जाड टायर, मडगार्ड, बॅग ठेवायला कॅरिअर आणि दणकट चाकं लागतात. लांब जायचं असेल तर हलकी सायकल, बारीक टायर, थोडं पुढे वाकून बसणं हे बरं पडतं. महागातल्या सायकलींमधे दोन्हीचा मेळ घालता येतो, पंचवीस हजारात कुठेतरी पाणी सोडावंच लागतं. कशावर सोडायचं एवढाच खरा प्रश्न होता, पण दादाच्या डोक्यात तो "कुठली कंपनी बेस्ट" असा बसला होता.

रस्ता पण समजून घ्यायला हवा. जेव्हीएलआरवर मेट्रो ६ चं काम, त्यामुळे बॅरिकेड आणि अरुंद लेन, गांधीनगरपासून आयआयटीकडे जाताना हलका पण न संपणारा चढ, आणि डाव्या कडेला जिथे सायकल चालवायची नेमकी तिथेच गटाराची झाकणं आणि खड्डे. दादाला वाटत होतं की पुढे पवई तलावाच्या कडेने सायकल ट्रॅक मिळेल. पालिकेने तो बांधायला घेतला होता खरा, पण २०२२ च्या मे महिन्यात हायकोर्टाने तो बेकायदा ठरवून काढायला सांगितला. म्हणजे ट्रॅक वगैरे विसरायचं आणि डंपर, बेस्टच्या बस यांच्या सोबतच जायचं हे धरून सायकल निवडायची.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा वहिनीने काढला, जो दादाने किंवा मी दोघांनीही विचारात घेतला नव्हता. ती म्हणाली, "अहो, पण ठेवणार कुठे? खाली ठेवली तर महिन्याभरात सीट गायब होईल, आणि घरात आणायची तर रोज तीन मजले कोण चढवणार?" खाली जिन्याजवळ आधीच दोन स्कूटर, पाण्याचा पंप आणि कोणाचा तरी जुना फ्रीज. म्हणजे सायकल घरातच येणार हे त्याच दिवशी ठरलं आणि त्याने अर्धे पर्याय बाद झाले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ऑफिसमधल्या लोकांनी सुचवलेला आणि जवळच्या दुकानदाराने पुढे केलेला: २९ इंची चाकांची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक (चाकाच्या मधे लावलेली चकती पकडून थांबवणारे), २१ गिअर, साडेसोळा हजार. दिसायला एकदम रुबाबदार. मुंबईच्या खड्ड्यांसाठी सस्पेन्शन पाहिजेच असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो आणि ऐकायला पटतं पण. पण या किमतीतलं सस्पेन्शन म्हणजे आत साधी स्प्रिंग, त्याचंच वजन दोन किलोच्या वर, चढावर पेडल मारताना आपली ताकद ते खालीवर होण्यात खातं आणि आपल्याकडच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत त्याच्या नळ्या गंजून ते हलायचं बंद होतं. मी दुकानात ती उचलून बघितली, सोळा किलोच्या आसपास असेल. दादाला म्हटलं तू उचल आणि दुकानाच्या पायऱ्या चढून दाखव. चारच पायऱ्या होत्या, चौथीवर त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता सायकल परत आणून ठेवली.

दुसरा पर्याय मात्र त्याच्या मनात फार भरला होता. ठाण्यात एकाची जुनी रोड बाइक, वळवलेलं हँडल, २५ मिलिमीटरचे बारीक टायर, वजन दहा-साडेदहा किलो, अठ्ठावीस हजार सांगत होता पण पंचवीसला आला असता. आम्ही बघायला गेलो. सेकंडहँड सायकल बघताना मी रंग बघत नाही, आधी उलटी करते. खालच्या पाइपचा हँडलजवळचा जोड आणि पेडलजवळचे जोड बोट फिरवून बघायचे, केसासारखी बारीक रेघ लागली तर तिथून निघायचं. सीटचा पाइप पूर्ण बाहेर काढून आत टॉर्च मारायचा. चाक फिरवून ब्रेकच्या रबरात आणि रिममधे किती फट राहते ते बघायचं, फट कमीजास्त होत असेल तर रिम आऊट आहे. फ्रेमवरचा नंबर बिलाशी जुळवायचा. ही सायकल तशी चांगली सांभाळलेली होती पण बिल नव्हतं, आणि फ्रेमच्या मापाने ती ५६ सेंटीमीटरची होती. दादाच्या उंचीला ५२ च्या आसपासची लागते. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूला पाय टाकून उभा राहिला तर दांडा टेकत होता आणि हँडलला हात पोचवताना खांदे ताणले जात होते. तरी त्याला ती हवी होती. घरी येताना म्हणाला, "हँडल थोडं जवळ घेऊ ना आपण." स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, छोटा लावून एखाद-दोन सेंटीमीटर मिळतात, चार सेंटीमीटरने मोठी फ्रेम लहान होत नाही.

शिवाय गिअरचं गणित मी त्याला कागदावर करून दाखवलं कारण रोड बाइक म्हणजे चढाला सोपी असा एक समज असतो. त्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या, मागे सगळ्यात मोठी २८ ची. म्हणजे सगळ्यात हलका गिअर ३४ भागिले २८, पेडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ सव्वा फेरा जातं. साध्या हायब्रिडला, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या सायकलला, पुढे तीन चकत्या, ४८, ३८, २८, आणि मागे २८, म्हणजे एकास एक. ८१ किलोच्या नवख्या माणसाला घाटात हा फरक गुडघ्यात कळतो.

तिसरा पर्याय हायब्रिड: पुढे साधा कडक चिमटा, सस्पेन्शन नाही, सरळ हँडल, ७०० बाय ३८ चे टायर, ॲल्युमिनियमची फ्रेम, मागे सात गिअर. यात दोन मॉडेल होती, एक १७,९०० चं व्ही ब्रेकवालं (हे ब्रेक रिमवर रबर दाबून थांबवतात) आणि एक साडेएकवीसचं डिस्कवालं. या दोघांवर पुढे परत येते, कारण तिथे माझा सल्ला चुकला.

बिनगिअरची साधी सायकल साडेआठ हजारात होती, पवईपर्यंत आरामात चालली असती, ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर नाही. इलेक्ट्रिक सायकल बजेटबाहेर आणि बावीस-तेवीस किलोची. तिसरा मजला आठवून ती लगेच सोडली.

तीन आठवड्यांची ट्रायल

पैसे खर्च करायच्या आधी मी माझी जुनी हायब्रिड त्याला तीन आठवडे देऊन टाकली आणि एकच अट घातली, फ्रिजवर कागद लावायचा आणि रोज लिहायचं: गेलास का, नसशील गेला तर का नाही. १० एप्रिल ते २८ एप्रिल, मधे आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणजे कामाचे चौदा दिवस. मुंबईचा एप्रिल, सगळ्यात वाईट महिना, पण तो टिकला तर पुढे टिकेल असा माझा हिशोब.

चौदापैकी नऊ दिवस तो सायकलने गेला. न गेलेले पाच दिवस जास्त शिकवणारे होते: दोन दिवस बाहेर मीटिंग, एक दिवस पोट बिघडलं, आणि दोन दिवस समोर फक्त "पाठ" एवढंच लिहिलेलं. लॅपटॉपची सॅक पाठीवर घेऊन चढ चढल्यावर शर्ट पाठीला असा चिकटायचा की ऑफिसात पोचून वीस मिनिटं पंख्याखाली उभं रहावं लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी खांदे दुखायचे. म्हणजे कॅरिअर लावायला फ्रेमवर आटे पाहिजेतच, नंतर बघू असं नाही. त्या ठाण्याच्या रोड बाइकला ते आटे नव्हते, त्यामुळे तिचा विषय इथेच संपला.

रविवारी दोनदा गेलो. एकदा ऐरोली पुलावरून वाशी, पाम बीच रोड, बेलापूर आणि परत, ४६ किलोमीटर. एकदा येऊर, २६. म्हणजे तीन आठवड्यांत ऑफिसचे १८० आणि रविवारचे ७२. एकूण अंतरात दर दहातले सात किलोमीटर जेव्हीएलआर आणि हायवेवरचे. हा आकडा बघून दादा जरा गप्प झाला, कारण त्याच्या मनातली सायकल रविवारची होती, पहाटेच्या पाम बीचवरची, आणि पाय मात्र सोमवार ते शुक्रवारचे होते.

जिन्याचं पण कळलं. पहिल्या आठवड्यात सायकल वर नेताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पेडल भिंतीला घासलं आणि नव्या रंगावर हातभर काळी रेघ उमटली. तिथल्या काकू दार उघडून बघायला लागल्या. मग वहिनीने बघून बघून त्याला पद्धत शोधून दिली: मधल्या दांड्याखालून खांदा घालायचा, चेनची बाजू बाहेर, एका हाताने हँडल चाकाच्या रेषेत धरायचं, आणि वळणावर आधी मागचं चाक न्यायचं. त्यानंतर रेघ नाही.

निर्णय

आता हायब्रिड नक्की होती, प्रश्न व्ही ब्रेक की डिस्क. फरक ३,६०० रुपयांचा. माझं म्हणणं होतं की या किमतीतले तारेवाले डिस्क ब्रेक सारखे सेट करावे लागतात, डिस्कची चकती जराशी वाकली तर चीं चीं आवाज करत घासतात, आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला ते जमत नाहीत. व्ही ब्रेकचे रबर कुठेही मिळतात आणि कोणीही बदलतो. शिवाय डिस्कवालं घेतलं तर हेल्मेट, लाइट, कुलूप, कॅरिअर वगैरे सगळं मिळून बजेटबाहेर जात होतं आणि दादा म्हणत होता की हेल्मेट दिवाळीच्या बोनसला घेऊ. त्यावर मी आणि वहिनी दोघी त्याच्यावर तुटून पडलो. पंचवीस हजार हे सायकलचं बजेट नाही, सायकलवर बसून सुरक्षित ऑफिसला पोचायचं बजेट आहे, हे मी त्याला दोनतीनदा सांगितलं आणि आजही तसंच सांगेन.

शेवटी व्ही ब्रेकवालं घेतलं. मे महिन्याच्या शेवटी झालेला खर्च असा: सायकल १७,९००, हेल्मेट १,३००, पुढचा मागचा लाइट १,०००, कुलूप ८५०, मडगार्ड ५५०, कॅरिअर ९५०, हवेचा पंप ७००, एक जास्तीची ट्यूब ३००, टायर काढायचे लिव्हर आणि पंक्चरचं सामान २००. एकूण २३,७५०. महिन्याभराने कॅरिअरला अडकवायची बॅग घेतली १,८०० ची, म्हणजे साडेपाचशेने बजेट ओलांडलं. तेव्हा सायकलवर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय, तेव्हा आता घेणाऱ्यांनी बिलावर तेवढा बघून घ्यावा.

पुढे काय झालं

पहिल्या पंधरा दिवसांत तीन पंक्चर. दादा वैतागला, टायरच खराब आहे म्हणाला. ट्यूब पाण्यात धरली तर तिन्ही वेळा बुडबुडे शेजारी शेजारी दोन ठिकाणांहून, साप चावल्यासारखे. काटा किंवा खिळा लागला तर एकच भोक पडतं, दोन भोकं पडली म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात टायर दाबला जाऊन ट्यूब रिममधे चेमटली. दुकानातून निघताना कोणीतरी अंगठ्याने दाबून "बस झालं" म्हणत हवा भरलेली, आणि त्याने पण तेच चालू ठेवलेलं. मीटरवाल्या पंपाने मोजली तर ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). त्याच्या वजनाला आणि त्या टायरला ५५ ते ६० लागते, मागे जरा जास्त, आणि ती दर आठवड्याला बघायची कारण ट्यूबमधून हवा आपोआप थोडी थोडी जाते. त्यानंतरच्या वर्षभरात तीनच पंक्चर.

मग गुडघा. पुढच्या बाजूने, वाटीच्या खाली दुखायला लागला, आणि मामी म्हणाली या वयात कशाला हे. मी बघायला गेले तर सीट इतकी खाली की पेडल खाली असताना पण गुडघा चांगलाच वाकलेला. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत म्हणून त्याने मुद्दाम खाली ठेवलेली. पायाचं आतलं माप, म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंत, भिंतीला पाठ लावून, पायात पुस्तक धरून घ्यायचं आणि त्याला ०.८८३ ने गुणायचं, हा जुना हिशोब आहे. त्याचं आलं ७७ सेंटीमीटर, म्हणजे पेडलचे दांडे फ्रेमला जिथे जोडलेले असतात त्या मधल्या बोल्टपासून सीटच्या वरपर्यंत ६८. होती ६३. एकदम पाच नाही वाढवली, आठवड्याला दीड सेंटीमीटर करत गेलो. सिग्नलला उतरताना सीटवरून पुढे सरकून उतरायचं ही सवय लागायला वेळ गेला, पण जुलै संपेपर्यंत गुडघा थांबला.

पहिला पावसाळा मात्र जड गेला. जेव्हीएलआरवर मेट्रोच्या कामाची माती, सिमेंट, डिझेल सगळं मिळून जो चिखल उडतो तो रिमवर बसतो आणि व्ही ब्रेक दाबला की रबर तो चिखल रिमवर घासतं, खरखर ऐकू येते आणि खालून राखाडी पाणी गळतं. जून ते सप्टेंबर रबराचे दोन जोड संपले, आणि रिमची बाजू बोटाला जरा खोलगट लागायला लागली. ब्रेक ओले असले की पहिला एक सेकंद काहीच धरत नाही, मग धरतो. तो एक सेकंद गांधीनगरच्या उतारावर बसच्या मागे फार मोठा असतो. एका संध्याकाळी तो रिक्षाच्या मागच्या बंपरला जेमतेम टेकून थांबला. काही लागलं नाही, पण घरी येऊन मला फोन केला आणि पहिलं वाक्य हेच, "डिस्क घ्यायला हवी होती का गं?"

हो, घ्यायला हवी होती. मी ब्रेकचा विचार दुरुस्तीच्या बाजूने केला, चार महिने ओल्या रस्त्याच्या बाजूने केला नाही. जोराच्या पावसात त्याने मग ट्रेनच धरली, पास चालू ठेवला होता म्हणून बरं. बाकीच्या दिवशी दर दोनतीन दिवसांनी रिम ओल्या फडक्याने पुसणं आणि उताराच्या आधीच ब्रेक हलका धरून रिमवरचं पाणी झटकणं, एवढ्यावर भागवलं.

पहिल्या चौदा महिन्यांचा हिशोब त्याने ठेवला होता. ३,८५० किलोमीटर, त्यात एकदा चेन बदलली, मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले कारण त्याचं वजन, बॅग आणि खड्डे सगळं त्याच चाकावर येतं, ब्रेकच्या रबराचे तीन जोड, दोन सर्व्हिसिंग, सगळं धरून ४,६०० रुपये. घर ते ऑफिस चाळीस मिनिटं, ट्रॅफिक असो नसो. वजन ८१ वरून ७५.

आणि लोणावळा. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही चौघं पहाटे पावणेपाचला निघालो, ऐरोली, बेलापूर, पनवेल, जुन्या हायवेने खोपोली. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, पण जुना रस्ताच जास्त छान आहे. खोपोलीत मिसळ खाल्ली आणि घाटाला लागलो. तिथून खंडाळ्यापर्यंत साधारण पाचशे मीटरची चढण. दादा पुढची २८ ची चकती आणि मागची सगळ्यात मोठी लावून बसला आणि उतरायचं नाही असं ठरवून चढत राहिला, चालणाऱ्या माणसापेक्षा जरा जास्त वेग असेल. रोड बाइकवाले पुढे निघून गेले. शिंग्रोबाच्या देवळापाशी मी थांबले होते, तो आला, खाली पाय टेकला, खिशातून नाणं काढून देवळासमोर टाकलं आणि बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं. काही बोलला नाही. मला ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे, कारण त्या सायकलचा त्याआधी किती लोकांनी "ही काय घाट चढणार" म्हणून निकाल लावला होता. रात्री लोणावळ्यात राहिलो, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. उतरताना दोनदा थांबून रिम गार होऊ दिल्या.

पण त्या राइडला एक त्रास झाला तो लिहायलाच हवा. सरळ हँडलवर तळहात एकाच जागी दाबून राहतो, साठ किलोमीटरनंतर त्याची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं आणि संध्याकाळी जेवताना घास धरताना जाणवत होतं. नंतर हँडलच्या टोकाला बारएंड लावले, पाचशे रुपयांत, म्हणजे हात बदलायला दुसरी जागा मिळते. रोजच्या दहा किलोमीटरला हे कधीच जाणवलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

ब्रेकचं वर आलंच. मुंबईत वर्षभर ऑफिसला जायचं असेल तर मी आता डिस्क सांगते, तारेवाले असले तरी, आणि ते ३,६०० कुठून काढायचे ते पण सांगते: पंक्चरसामान आणि पंप दोनतीन जणांत मिळून घ्या, कॅरिअर साधं घ्या, बॅग नंतर. हेल्मेट आणि लाइटमधून मात्र काढायचे नाहीत.

सीटची उंची पहिल्याच दिवशी, दुकानातच, माप घेऊन लावायला हवी होती. मी तेव्हा सोबत होते आणि तरी लक्ष दिलं नाही, गिअर आणि फ्रेम तपासण्यात गुंतले होते.

ट्रायल एप्रिलमधे झाली हे चांगलं पण अपुरं. घाई नसती तर एक आठवडा जुलैमधे पण माझ्या सायकलवर काढायला लावला असता, मग ब्रेकचा प्रश्न सायकल घ्यायच्या आधीच समोर आला असता. अर्थात माझ्या सायकलला डिस्क आहेत, त्यामुळे कदाचित कळलंही नसतं.

त्या रोड बाइकबद्दल वाद अजून आहे. दादाचं मत, ५२ ची मिळाली असती तर घेतली असती. माझं मत, तरी ती ऑफिसला गेली नसती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमधे उभी राहिली असती. यात कोण बरोबर हे आता ठरवता येणार नाही.

सध्या

येत्या थंडीत त्याला दोनशे किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड, करायची आहे. साडेतेरा तासांत संपवायची असते, म्हणजे थांबणं धरून ताशी सरासरी जवळजवळ पंधरा किलोमीटर तरी पडायला हवेत. नवीन सायकल घेऊ का म्हणून विचारत होता. सध्या ठरलंय की हीच, फक्त टायर ३८ चे काढून ३२ चे घालायचे आणि मागची रिम बदलून घ्यायची, ती ब्रेकने बरीच झिजलीय. डिस्क आता लावता येणार नाही, फ्रेमला आणि चिमट्याला त्याची जागाच नाही. टायर आलेत, शनिवारी बसवतोय. जुने ३८ चे वहिनीने पुसून माळ्यावर ठेवलेत, जूनमधे परत लावायला.